‘प्रतिपश्चंद्र’, जांबच्या मूर्ती आणि खर्च झालेला खजिना

गेले वर्षभर माझ्या जवळजवळ प्रत्येक धाग्याखाली एक प्रश्न हमखास येतो : ‘प्रतिपश्चंद्र’ वाचली का? वाचली. डॉ. प्रकाश कोयाडे यांची ही रहस्यकादंबरी तरुण वाचकांनी कशी डोक्यावर घेतली, हे मी वसतिगृहात स्वतः पाहिले आहे. आमच्या मजल्यावर एकच प्रत सात खोल्यांतून फिरली. माझ्या हाती आली तेव्हा तिचा पुठ्ठा सुटला होता. पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण धड पूर्ण न करणाऱ्या मुलींनी ती दोन रात्रींत संपवली, आणि मीही दोन रात्रींतच संपवली. तिसऱ्या दिवशी मात्र मन खट्टू झाले होते. ते का, हे सांगण्यासाठी आजचा धागा.

ज्यांनी ती अजून वाचलेली नाही त्यांनी निर्धास्त राहावे; शेवट फोडणार नाही. माझी निराशा रहस्याच्या उकलीविषयी नाही. रहस्य म्हणून जे निवडले गेले, त्याविषयी आहे.

कादंबरीकाराने कल्पना करू नये, असे म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’मध्ये कल्पित पात्रे आहेत, म्हणून ती कोणाला कमी आवडली नाही. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांतल्या कितीतरी अजून आहेत. झुंजार किंवा काळा पहाड खरोखर होऊन गेला काय, असा प्रश्न आजोबांच्या पिढीतल्या एकाही वाचकाला पडला नसेल. लेखक आणि वाचक यांच्यात एक न लिहिलेला करार होता. इतिहासावर बेतलेल्या नव्या रहस्यकादंबरीत तो करार धूसर होतो. किल्ले खरे, माणसे खरी, मुद्रा खरी, आणि त्यांच्या मधोमध एक कल्पित कुलूप. वाचक बाहेर पडतो तो कुलूपही खरे मानूनच.

मुद्रेचा विषय निघालाच आहे, तर नावापासून आरंभ करू. शिवछत्रपतींच्या संस्कृत राजमुद्रेतील पहिला शब्द ‘प्रतिपच्चंद्र’ असा आहे. ‘प्रतिपद्’ म्हणजे प्रतिपदा. तिच्या पुढे ‘चंद्र’ आला की संधी होऊन ‘च्च’ होतो. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, असा तो भाव. ‘प्रतिपश्चंद्र’ असे लिहिले की विग्रह ‘प्रतिपः’ असा होतो, आणि मग चंद्र उरतो, प्रतिपदा नाहीशी होते. ही चूक कादंबरीने जन्माला घातलेली नाही. फलकांवर, मोटारींच्या काचांवर, भिंतींवरच्या चित्रांत ती आधीपासून रुळली आहे. तरीही ज्या पुस्तकात प्रत्येक अक्षर निरखून पाहण्याला एवढे महत्त्व आहे, त्याच्या मुखपृष्ठावर ती पाहून वाईट वाटले. याला कोणी किरकोळ कुरकुर म्हणेल. म्हणो.

खरी निराशा खजिन्याची. विजयनगरची अलोट संपत्ती आणि शिवकाल यांना जोडणाऱ्या गुपिताभोवती ही कादंबरी फिरते. कल्पना म्हणून ती आकर्षक आहे, हे मान्य करायला हवे. २३ जानेवारी १५६५ च्या ज्या लढाईला आपण तालिकोटची लढाई म्हणतो, तिच्यानंतर तिरुमल हत्तींवर संपत्ती लादून पेनुकोंड्याकडे निघून गेला. रॉबर्ट सेवेल यांनी १९०० साली लिहिलेल्या विजयनगरच्या इतिहासात या हत्तींची संख्या ५५० दिली आहे. एवढे हत्ती डोळ्यांसमोर आले की कोणाचेही मन धावू लागते. पण संपत्ती म्हटली की ती दडवलेलीच असली पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तिच्या शेवटाकडे शिवछत्रपतींच्या मागे राहिलेल्या मालमत्तेची भलीमोठी यादी येते : होनांचे अनेक प्रकार, जडजवाहीर, कापड, धान्य, घोडे, किल्ले. मी ती यादी प्रथम वाचली तेव्हा कंटाळा आला होता. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आले की हे राज्य मोजत होते. धान्याच्या कोठारापासून नाण्यांच्या प्रकारांपर्यंत सर्वाची नोंद ठेवत होते. पुढे १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यापासून १७०७ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत पाव शतकाहून अधिक काळ युद्ध चालले. घोडे, दाणागोटा, दारूगोळा, शिबंदीचे पगार, किल्ल्यांची डागडुजी यांवर संपत्ती गेली. काही शत्रूने नेली. खजिना खर्च झाला. एक लहान राज्य एवढ्या मोठ्या पातशाहीपुढे इतकी वर्षे कशाच्या बळावर टिकले, हे मला कुठल्याही भुयारापेक्षा मोठे रहस्य वाटते. कादंबरीला त्यात रस नाही. तिला पेटी हवी आहे.

हाच स्वभाव आता माझ्या घराजवळ दिसू लागला आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले. माझे आजोळ जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थपासून चार कोसांवर. शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीला, म्हणजे १६०८ साली, याच जांबेत सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढे त्याला महाराष्ट्र समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. तेव्हा हा मुलूख निजामशाहीचा होता आणि मलिक अंबर मोगलांशी झुंजत होता. आज ज्या शहरात मी शिकते, त्या शहराची, तेव्हाच्या खडकीची, वसाहतही त्याच सुमारास, १६१० मध्ये, मलिक अंबरानेच वसवली. बोहल्यावरचा ‘सावधान’ हा शब्द ऐकून बारा वर्षांचा मुलगा पळाला, ही कथा आमच्याकडे शाळेत जाण्याआधीच प्रत्येकाला ठाऊक असते.

माझ्या मामांनी ‘प्रतिपश्चंद्र’ माझ्याकडूनच नेली. ती परत करताना त्यांनी मला मोबाइलवर एक मजकूर दाखवला. तुमच्यापैकी बहुतेकांकडे तो आला असेलच. समर्थांचे म्हणून सांगितले जाणारे एक उपदेशपर काव्यपत्र. त्यातील ओळींची केवळ पहिली अक्षरे ओळीने वाचली की विजापूरचा सरदार निघाल्याची वर्दी तयार होते. अफजलखान चालून येतो आहे, हे समर्थांनी शिवाजी महाराजांना असे गुप्तपणे कळवले, असा त्याचा अर्थ लावला जातो. मामा म्हणाले, “एवढं शिकलीस अन् हे कुणी सांगितलं नाही तुला? यावर एक पुस्तक लिही की.”

मी काही वेळ गप्प राहिले. मामांपुढे एकदम वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. मग विचारले, “मामा, हे पत्र कुठल्या बाडात आहे? कोणी उतरवलं, कधी?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी जेवणाच्या पंगतीत पत्रावळीची किंमत विचारली होती.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो. दुसरा प्रश्न त्या काळातील इतर कागदांचा. अफजलखान १६५९ मध्ये निघाला तो रात्री एकटा घोड्यावर बसून निघाला नव्हता. हजारोंची फौज, हत्ती, तोफा, बाजारबुणगे घेऊन तो महिनोन् महिने मजल-दरमजल करत वाईला आला. खानाला सामील व्हा, असे हुकूम आदिलशाही दरबारातून मावळच्या देशमुखांना सुटले होते. कान्होजी जेध्यांना जून १६५९ मध्ये असे फर्मान आले, आणि कान्होजी ते घेऊन थेट शिवाजी महाराजांकडे गेले. म्हणजे वर्दी देणारा शाहीचा कागदच महाराजांपुढे आला होता. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीआधी महाराजांना सावध करण्यासाठी ओळींच्या आरंभी अक्षरे पेरावी लागली असतील, हे पटण्यासारखे नाही.

शिवाय समर्थ आणि शिवाजी महाराज यांची पहिली भेट कधी झाली, यावर अभ्यासकांनी शंभराहून अधिक वर्षे वाद घातला आहे. परंपरा १६४९ सांगते. काही अभ्यासक १६७२ च्या बाजूने उभे राहिले. चाफळला दिलेली १६७८ ची सनद, भास्कर गोसाव्यांनी दिवाकर गोसाव्यांना धाडलेले १६५८ चे पत्र, या कागदांचा एकेक शब्द दोन्ही बाजूंनी तासला आहे. भास्कर गोसाव्यांच्या पत्रात तर असे आहे की, ते भिक्षेसाठी गेले असता शिवाजी महाराजांनी ते कुठले, रामदास कोण, राहतात कुठे, अशी चौकशी केली. एक बाजू म्हणते, ओळख नव्हती म्हणून विचारले. दुसरी बाजू म्हणते, समोरचा गोसावी खरा की खोटा हे पारखायला विचारले. विचार करा, एका साध्या प्रश्नामागचा स्वर कोणता होता, यावर दोन पिढ्या झगडल्या! रहस्यकादंबरी लिहायची तर यावर लिहावी.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय खुपले ते सांगते. मामांना त्या काव्याची पहिली अक्षरे पाठ होती, पण एकाही ओळीचा अर्थ त्यांना सांगता आला नाही. ओळी विवेकाने वागण्याविषयी आहेत, आणि चांगल्या आहेत. पण त्या आता कोणी वाचत नाही. जोडाक्षरी कोड्यातली अक्षरे वेचून घ्यावीत आणि उरलेले टाकून द्यावे, तसे झाले आहे. ‘प्रतिपश्चंद्र’ आणि तिच्यासारख्या कादंबऱ्या इतिहास असाच वाचायला शिकवतात, अशी माझी तक्रार आहे. किल्ला दिसला की त्याचे पाणी कसे साठवले हे विचारायचे नाही; भुयार कुठे, ते विचारायचे. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर, बहे, शिराळे, मनपाडळे, पारगाव या ठिकाणच्या अकरा मारुतींचे ठिपके नकाशावर जोडून त्यातून आकृती काढणारे एक चित्रही मी पाहिले आहे. कोणतेही अकरा ठिपके घ्या, काहीतरी आकृती निघतेच. शहापूरचा मारुती चुन्याचा का, हा प्रश्न मात्र त्या चित्रकाराला पडला नव्हता.

अशा कादंबऱ्यांचे कुलदैवत अर्थात डॅन ब्राउन यांची २००३ ची ‘द दा विंची कोड’. तिच्या आरंभीच एक पान आहे, ज्यात ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी गुप्त संघटना असल्याचे ठासून सांगितले आहे. प्रत्यक्षात या नावाची संस्था प्येर प्लांतार नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये नोंदवली, आणि पुढच्या दशकात तिचा प्राचीन इतिहास सांगणारे बनावट कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणून ठेवले. ग्रंथालयात सापडले म्हणून कागद खरा ठरत नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही. गंमत अशी की, या बनावटीच्या उलगड्याची हकीकत कादंबरीपेक्षा अधिक उत्कंठावर्धक आहे. उंबेर्तो एको यांनी तर १९८८ मध्येच ‘फूकोज पेंड्युलम’ लिहून ठेवली होती. तिच्यात तीन विद्वान एका जुन्या तुटक्या मजकुरातून जगव्यापी कट रचतात. पुढे एक शहाणी बाई दाखवून देते की तो मजकूर बहुधा एखाद्या व्यापाऱ्याची मालाची यादी असावी. जाड आणि कठीण पुस्तक आहे, पण एकदा वाचाच.

आमच्याकडेही अशी माणसे होऊन गेली. शंकरराव देव धुळ्याहून निघत आणि मठामठांतून रामदासी बाडे गोळा करत; त्यांतली कितीतरी आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत जपली गेली, म्हणून छापील पाठ तिच्याशी ताडून पाहता आले. राजवाड्यांनी आयुष्य अशाच दप्तरांमागे घालवले. वाळवी, दमट माडी, कागद दाखवायला नाखूश असलेला घरधनी, मोडीतले एक न लागणारे अक्षर : यात उत्कंठा नाही असे ज्याला वाटते, त्याने एकदा रुमाल सोडून पाहावा. मी मोडी शिकताना ‘र’ची रूपे ओळखण्यात तीन आठवडे घालवले. कादंबऱ्यांतल्या नायकांना मात्र एका रात्रीत सगळे दिसते.

आता जांबेचे खरे रहस्य. २२ ऑगस्ट २०२२ रोजी गाव जागे झाले ते राममंदिरातील पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्याच्या बातमीने. गावाच्या श्रद्धेनुसार त्या समर्थांच्या घराण्यात पूर्वापार पुजल्या गेलेल्या. प्रकरण विधिमंडळात पोहोचले. आमच्या आजोळी त्या दिवशी चूल उशिरा पेटली. आणि दुसऱ्याच दिवसापासून परिचितांचे मजकूर येऊ लागले : मूर्तींच्या आत काही असेल का? समर्थांनी काही लिहून ठेवले असेल का? एकाने तर मला विचारले, त्या मूर्तींचा आणि ‘त्या’ खजिन्याचा संबंध आहे काय. आजीला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली की, देव चोरीला गेलाय आणि हे आत काय ते विचारतात.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, मूर्ती पोलिसांच्या हाती लागल्याचे वृत्त आले. कोणतेही कोडे सुटून त्या सापडल्या नाहीत. तपास करणाऱ्यांनी चोर शोधले.

पण चोरीला गेलेली प्रत्येक मूर्ती दोन महिन्यांत सापडत नाही. तमिळनाडूतील आनंदमंगलमच्या राजगोपाल विष्णू मंदिरातून १९७८ मध्ये राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या कांस्यमूर्ती चोरीला गेल्या. त्या २०२० मध्ये इंग्लंडहून परत आल्या. बेचाळीस वर्षांनी! त्या ओळखू आल्या कशा? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५८ च्या जूनमध्ये त्या मंदिरात जाऊन मूर्तींची छायाचित्रे घेऊन ठेवली होती. ती काळी-पांढरी छायाचित्रे परदेशात सापडलेल्या मूर्तीशी ताडून पाहिली गेली. ज्या दिवशी छायाचित्रकार त्या गाभाऱ्यात उभा होता, त्या दिवशी तेथे काहीही घडले नव्हते. कोणतीही कादंबरी त्या दिवसावर प्रकरण लिहिणार नाही.

दडवलेल्या वस्तूचा नाद केवळ वाचनापुरता राहिला असता तर मी एवढे लिहिले नसते. मराठवाड्यात गुप्तधनासाठी खणणे ही जुनी कीड आहे. पडक्या गढ्या, वीरगळ, बारवा, समाधीचे चौथरे रात्रीतून उकरले जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे निखात सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले होते. गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. तरी खणणारे खणतातच. माझ्या आजोळच्या शिवारात एक वीरगळ होता. लहानपणी आम्ही त्यावर बसून चिंचा खात असू. गेल्या वर्षी तो दोन तुकड्यांत सापडला, आणि त्याच्या जागी कमरेएवढा खड्डा. खड्ड्यात काही नव्हते. जे होते ते वर होते : तीन चौकटींत कोरलेली एका माणसाची लढाई, त्याचे मरण आणि शेवटी शिवलिंगापुढे बसलेला तो. त्याची मधली चौकट आता वाचता येत नाही.

या दोषाचे खापर एका कादंबरीवर फोडणे अन्याय होईल. खणणारे बहुधा कादंबऱ्या वाचत नसावेत. पण तरुण, शिकलेला, इतिहासाची आवड असलेला वाचक जेव्हा गढीपुढे उभा राहून सर्वांत आधी “यात काय दडलं असेल?” असे विचारतो, तेव्हा तो आणि खड्डा खणणारा एकच प्रश्न विचारत असतात. या कादंबरीने हजारो तरुणांना इतिहासाच्या दारापर्यंत आणले. एवढ्या गर्दीला दार उघडून आत नेण्याऐवजी तिने दारावरचे कुलूपच दाखवत ठेवले, याचे मला दुःख आहे.

दिवाळीपासून आम्ही चौघींनी घनसावंगी तालुक्यातल्या सात गावांत एक काम चालवले आहे. पुजारी आणि ग्रामपंचायत यांची परवानगी घेऊन देवळांतल्या मूर्ती, वीरगळ, सतीशिळा यांची छायाचित्रे घ्यायची : समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून. उंची, रुंदी, कुठे काय झिजले, कुठे काय तुटले, तारीख, टिपणाऱ्याचे नाव. वहीची एक प्रत गावात, एक आमच्याकडे. मूर्ती नेमकी कुठे आहे हे समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, हा पहिला नियम. त्यामुळे या धाग्याबरोबर छायाचित्रे नाहीत. एका गावात म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी आम्हांला मारुतीच्या पाठीमागची बाजू प्रथम पाहू दिली, आणि तेव्हा तेही डोकावून पाहू लागले. चाळीस वर्षे पूजा करून त्यांनी ती बाजू पाहिली नव्हती. तेथे शेंदराच्या थराखाली अक्षरांसारखे काही दिसते आहे. शेंदूर काढायचा नाही, असे आम्ही आणि त्यांनी मिळून ठरवले आहे.

ज्यांना आपल्या गावात हे करायचे असेल त्यांनी खाली लिहावे. वहीचा नमुना पाठवते. पुढचा धागा भास्कर गोसाव्यांच्या १६५८ च्या पत्रावर, दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांसह.